बारा कुल्हड

देपालपूरहून धापूबाई आंजणा आली.
पिशवीत माती, वर्तमानपत्रात मेथी.
मेथी बोटभर. दोन दलं उघडलेली,
आणि पुढे काही नाही,
जणू दारापर्यंत येऊन कुणी
चप्पल काढू की नको, असं उभं राहिलेलं.

दुकानदार म्हणतो, बियाणं जुनं.
जावई म्हणतो, पाणी जास्त झालं.
ती काहीच म्हणत नाही,
माती टेबलावर ठेवून पदराला हात पुसते.

कृषी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर
मी एकवीस वर्षं आधी बाटल्या धुतल्या, मग नोंदी ठेवल्या.
यंत्रासमोर नमुन्यांची रांग. अहवालाला महिना.
म्हणून घरी, रामबागेतल्या गच्चीवर
चहावाल्याकडचे बारा कुल्हड मांडले.
सहांत शेतातली माती. सहांत
भेरूबाबाच्या ओट्याभोवतीची,
जिकडे पंपाचं तोंड कुणी वळवत नाही.
प्रत्येकात काकडीच्या तीन बिया.

काकडी हळवी साक्षीदार.
मातीत काय आहे ते तिला वाचता येत नाही,
फक्त लपवता येत नाही.
नवव्या दिवशी भेरूबाबाची काकडी
कुल्हडाच्या काठावरून खाली डोकावत होती.
शेतातली तिथंच, दोन दलांवर.
उपटून पाहिली: मुळं आखूड, जाड,
घासून घासून फिसकटलेल्या ब्रशासारखी.

मग शेत पाहायला गेले. कार्तिक.
बांधावर सोयाबीनच्या भुसाचा ढीग.
सोयाबीनला काही झालं नव्हतं, दाणा टंच होता;
त्याच्यासाठीच तर औषध होतं.
मेथीही सगळी गेलेली नव्हती.
हिरव्यात पिवळे पट्टे,
आणि बांधाशी, चालणारा जिथे वळला,
पट्ट्यावर पट्टा चढून नुसती काळी माती.
आषाढात कुणी पाठीवर पंप घेऊन चाललेलं,
त्याचं अक्षर आत्ता उमटलेलं.

धापूबाई त्या पट्ट्यांतून चालू लागली.
पट्टे डावीकडे कलत होते, दर चार पावलांनी थोडे.
"यां पग घसीटे," ती म्हणाली.
डावा पाय. सातव्या वर्षी गाडीच्या चाकाखाली आलेला.
मग शेताच्या मधोमध थांबली.
खाटेएवढा एक गोल, एकही पात नसलेला.
"यां ऊबो थो म्हारो छोरो."

इथे त्याला फोन आला होता,
पीथमपूरहून, गिअरच्या कारखान्यातून,
सोमवारपासून ये म्हणून.
पंप बॅटरीचा, नोजल चालूच,
तो ऐकत राहिला, हो म्हणत राहिला, पगार विचारत राहिला.
संध्याकाळी पंप धुऊन खुंटीला टांगला.
पंप अजून तिथंच आहे.

"किती दिवस ध्यानात ठेवेल ही?"
मी म्हटलं, पाऊस पुरता झाला असता तर विसरली असती.
यंदा भाद्रपद कोरडा गेला. काळी माती, धरलं ते सोडत नाही.
बाटलीमागच्या कागदावर, मुंगीएवढ्या अक्षरात, होतं सगळं:
मेथी नको, मोहरी नको, बटाटा नको, अमुक महिने.
तण कशाला म्हणायचं
हे औषधाला एकदाच सांगितलेलं, आषाढात.
मेथी नंतर आली.
तिची ओळख कुणी करून दिली नाही.

"गहू?"
गहू चालेल.

तिने बांधावरून चार दगड आणले
आणि गोलाच्या चार बाजूंना ठेवले, हलत होता तो नीट बसवला.
मी म्हटलं, अहो, गहू तिथेही येतो.
"मालम है," ती म्हणाली,
आणि मातीची रिकामी पिशवी झटकून,
घडी घालून, कमरेला खोचली.